पान बघून बसावं

शनिवारी संध्याकाळी आत्याच्या गॅलरीत पत्ते वाळत घातलेले असत. प्लास्टिकचे पत्ते. ती ते साबणाच्या पाण्यातून काढायची, फडक्याने टिपायची आणि एकेकाला चिमटा लावून दोरीवर अडकवायची. एका बाजूला परकर, दुसऱ्या बाजूला बदामाची राणी. मी खोली बघायला आले तोही शनिवारच होता. कांदिवली पश्चिमेची चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, कंपाउंडमध्ये चिंचेचं झाड. एजंटने खालूनच बोट दाखवलं.

"ते पत्ते दिसतात ना, तेच घर. बाई जरा अशी आहे. पण घर चांगलं आहे."

"अशी म्हणजे कशी?"

"बघालच ना तुम्ही."

बेल वाजवली तर आतून "कोण आहे?" असं नाही आलं. "कोण बोलतंय?" असं आलं. मी नाव सांगितलं. "होल्ड करा," आतून आवाज आला आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं. सत्तरीची बारीक बाई, पायात मोजे, हातात कपड्यांचे चिमटे. मला वरपासून खालपर्यंत बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "पत्ते खेळता येतात?"

मी म्हटलं, "सात-आठ, मेंढीकोट, गुलामचोर."

"गुलामचोर चालेल. चेहरा सरळ ठेवायला शिकवतो तो," ती म्हणाली आणि खोली मला मिळाली. माझा पगार, ऑफिस, गाव, काहीच विचारलं नाही. मी कुडाळहून येताना डिग्रीचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून आणलं होतं. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी परत गेले. तेव्हा ती फाइल मी जाईन तिथे काखेत असायची. आत्याने ती उघडूसुद्धा दिली नाही.

बिल्डिंगमधले सगळे तिला आत्याच म्हणत. नक्की कुणाची आत्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. भाचरं असतील तर मी कधी बघितली नाहीत.

नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती, ट्रंक कॉल जोडायची. ती नोकरी सुटली पण सवयी सुटल्या नाहीत. कुठल्याही फोनला तिच्या लेखी तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की "वेळ झाली" म्हणायची आणि ठेवायची. समोर सख्खी बहीण असो की बँकवाला. घड्याळाकडे बघायचीसुद्धा नाही, तिच्या अंगातच ते घड्याळ होतं. एकदा गावाहून माझ्या आईने तिला फोन केला, पोरगी नीट जेवते का विचारायला. आई आधी हवापाणी, मग आंबे, मग शेजारणीची सून असं करत करत मुद्द्यावर येणार, तोवर वेळ झाली. आईने मला रात्री विचारलं, "बाई रागीट आसा काय गो?" मी म्हटलं, "नाही गं, ती फक्त लाइन मोकळी करते."

आता ती बेळगावला बहिणीकडे असते. मी दर रविवारी दुपारी फोन करते. "हं, बोला," ती तोच कोरा आवाज लावते आणि मी घाईघाईने बोलते. अर्धं राहतं. "वेळ झाली," ती म्हणते. मग मी फोन हातात धरून बसून राहते. रविवारची दुपार अशी एवढी लांब असते हे मला आधी माहीत नव्हतं.

कारण रविवारची दुपार म्हणजे टेबल. मासे जेवून, भांडी घासून झाली की हॉलमध्ये घडीचं टेबल उघडायचं, वर जुनी मऊ चादर घालायची आणि मधोमध बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा करायचा. डब्यात चिंचोके. कंपाउंडमधल्याच झाडाचे, धुऊन, वाळवून, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. प्रत्येकाला मूठभर मिळायचे. आत्याच्या टेबलावर पैसा कधी आला नाही. नव्या माणसाने खिशात हात घातला की ती म्हणायची, "ते खाली वाण्याकडे चालतं. इथे चिंचोके."

खेळ पोकरचा. आम्ही पाच जण. आत्या, मी, दुसऱ्या मजल्यावरचे हसमुखभाई, आत्याच्या बरोबर डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहणारे परबकाका आणि त्यांची सून दीपा. परबकाका मालवणचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. पहिल्या रविवारी माझं गाव ऐकल्यावर ते म्हणाले, "कुडाळची? मगे आता ह्या टेबलार आपला राज्य!" आणि लगेच दोन डाव हरले.

टेबलाचा एक नियम होता. टेबलावर सगळ्यांना तू. कुणी काका नाही, भाई नाही, अहो नाही, जाहो नाही. "अहो म्हटलं की माणूस दया दाखवतो," आत्या म्हणायची. "मला दया नको, चिंचोके पाहिजेत." सून सासऱ्याला तू म्हणायची. "अरे परब, टाक ना लवकर, यार!" दीपा ओरडायची आणि परबकाका खूश व्हायचे. पत्ते गोळा झाले, टेबल मिटलं, की "बाबा, चहा घेता ना?" मी आत्याला दारात, जिन्यात, स्वयंपाकघरात तुम्ही म्हणायचे आणि रविवारी अडीच ते साडेपाच तू. आता लिहायला बसल्यावर ती 'ती'च येते, त्या 'त्या' होत नाहीत. टेबलावरची आत्याच माझ्याजवळ उरली असावी.

दुसरा नियम शब्दांचा. कॉल, फोल्ड, रेझ हे शब्द तिच्या घरात नव्हते. तिच्या लेखी पोकर ही पंगत होती. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते आपलं पान. पान बघायचं आणि ठरवायचं, की इतरांनी टाकले तेवढे चिंचोके टाकून आपण 'बसायचं', की पान खाली ठेवून 'उठायचं'. जास्त चिंचोके टाकले तर 'वाढलं'. हे ठरलं की मधे सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात. पहिले तीन म्हणजे मीठ, लिंबू, चटणी. चौथा भात. पाचवा ताक. शेवटच्या पत्त्याने कुणाचा डाव उलटला की हसमुखभाई कपाळाला हात लावायचे, "ताकने मारून टाकला!"

आणि आत्याचं म्हणणं असं, की खरा खेळ मीठ वाढायच्याही आधी संपलेला असतो. बसायचं की उठायचं, तिथेच. पुढचं सगळं नुसतं जेवण.

"दोघांत बसणं वेगळं, पाचांत बसणं वेगळं," ती सांगायची. "दोघांत राजा म्हणजे राजा. पाचांत राजा म्हणजे वर्गाचा मॉनिटर. कुणी विचारत नाही."

मी हे डोक्याने ऐकलं होतं, हाताने नव्हतं. पहिले काही महिने मी प्रत्येक पानाला बसायचे. दीपा बसली, हसमुखभाई बसले, परबकाका तर बसणारच, मग मी एकटीच कशी उठू? एवढे सगळे बसलेत, मधे एवढे चिंचोके जमलेत, आपले चारच तर टाकायचेत. एकदा माझ्याकडे राजा आणि दश्शी आली, एक बदाम, एक किल्वर. चौघं बसली होती. मी बसले. मीठ-लिंबू-चटणीत राजा आला. मला इतका आनंद झाला की मी मांडी बदलली. आत्याने ती बदललेली मांडी बघितली. शेवटी पानं उघडली तर दीपाकडे राजा-राणी. राजा दोघींचा, पण तिची राणी माझ्या दश्शीच्या वर. माझे सगळे चिंचोके तिच्याकडे गेले.

"राजा आला म्हणून हसलीस," आत्या म्हणाली. "अगं, तो मधे आला होता. सगळ्यांसाठी आला होता. पंगत जितकी मोठी, तितकं कुणाकडे तरी तुझ्यापेक्षा बरं असणारच. मोठ्या पंगतीत अर्धवट मोठं पान घेऊन बसू नये. त्यापेक्षा पंजांची जोडी बरी."

"पंजांची? एवढीशी?"

"एवढीशी म्हणूनच. तिसरा पंजा आला तर कुणाला संशय येत नाही, सगळी पंगत तुझी. नाही आला तर निमूट उठायचं, जीव अडकत नाही. राजा-दश्शीत जीव अडकतो."

मी म्हटलं, "पण सगळे बसले होते ना."

तिने पत्ते पिसायचं थांबवलं. "तू पान धरत नाहीस. तू जागा धरतेस."

मला राग आला. मी उठून पाणी प्यायला गेले. ग्लास तोंडाला लावला तरी ते वाक्य जाईना. कारण ते खरंच होतं. मी शाळेत पहिल्या बाकावर जागा धरली, कॉलेजात धरली, मुंबईत धरली. आमच्यातल्या माणसाला उठून चालत नाही. उठलात की तुमची जागा दुसरा घेतो, आणि पुन्हा बस म्हणायला कुणी येत नाही. शिवाय लहानपणापासून ऐकलेलं, पानावरून उठू नये. वाढलेलं टाकू नये. हे मी बाहेर येऊन तिला म्हटलं. परबकाकांनी लगेच माझी बाजू घेतली. "बरोबर बोलता ता! भरल्या पानावरसून उठतंत काय गो?"

आत्या म्हणाली, "जेवणाच्या पानावरून उठू नये. पत्त्याच्या पानावरून उठता आलं पाहिजे. पंगत बघून बसू नये, पान बघून बसावं."

हे तिचं आवडतं वाक्य. आठवड्यातून एकदा तरी यायचंच. भाजीवाल्याकडे गर्दी बघून दीपाने टोमॅटो घेतले तरी यायचं.

अंधेरीला एमआयडीसीत माझं ऑफिस. तिथे एकदा आमच्या मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं, नवीन क्लायंटसाठी सगळे शनिवार कोण येईल? बदली सुट्टी नाही, काही नाही, पण 'लक्षात ठेवलं जाईल'. टेबलाभोवती एकामागून एक हात वर गेले. माझा हात अर्धा वर गेला होता. मी माझं पान बघितलं. शनिवारी माझा टॅलीचा पुढचा कोर्स होता, त्याची परीक्षा तोंडावर होती. मी हात खाली घेतला आणि म्हटलं, "मला जमणार नाही, सर." सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. कान तापले. आणि मग काहीच झालं नाही. मीटिंग पुढे गेली. नोकरी राहिली, परीक्षा पास झाले. उठलं की छत कोसळत नाही, एवढंच मला शिकायचं होतं. ते मला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी माझ्या शिक्षणाला कमी लेखणारी बाई नाही.

त्या रविवारी मी हे टेबलावर सांगितलं. आत्याने डब्यातून एक चिंचोका काढून माझ्यापुढे सरकवला. बक्षीस. "माजू नकोस," वर हेही.

पोकर ती जहाजावर शिकली. नवरा व्यापारी जहाजावर इंजिनिअर. लग्नानंतर एकदा ती त्याच्याबरोबर गेली होती. ऑफिसरांच्या बायका चहा पीत बसायच्या, हिला चहात रस नाही. ही पुरुषांच्या टेबलामागे खुर्ची टाकून बघत बसायची. तिने पाहिलं की सगळे गमतीत खेळतायत, म्हणजे सगळे प्रत्येक पानाला बसतायत. मग तिने जागा मागितली आणि नुसती उठत राहिली. उठत राहिली, उठत राहिली, लोक हसायला लागले, बाईमाणूस घाबरलं म्हणाले. मग एकदा बसली.

"नवराही होता टेबलावर?" दीपाने विचारलं.

"तो तर सगळ्यात वाईट. प्रत्येक पानाला बसायचा. सत्ती-दुर्री आली तरी." तिने परबकाकांकडे बघितलं. "आमच्याकडेही असंच एक होतं."

एवढंच. नवऱ्याबद्दल मी तिच्या तोंडून दुसरं काही ऐकलं नाही. पण परबकाका वाट्टेल त्या पानाला बसले की ती त्यांना शिव्या द्यायची आणि शिव्या देताना तिचा चेहरा सरळ राहायचा नाही. साऱ्या टेबलावर चेहरा सरळ ठेवणारी बाई, तिथे मात्र फसायची.

परवा मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. पत्रे लावलेत. आत क्रेन उभी आहे. चिंचेचं झाड ठेवलंय, तेवढं बरं. मी रस्त्यावर उभी राहून मान वर केली आणि हिशोबाने तिसरा मजला शोधला. आम्ही ज्या उंचीवर बसून भांडायचो, तिथे आता नुसती हवा आहे.

बिल्डिंग पडायलाच झाली होती, खोटं कशाला बोलू. परबांच्या स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर सुटायचं. दीपा बाळाला हॉलमध्ये झोपवायची. रिडेव्हलपमेंटचं ठरलं तेव्हा सोसायटीच्या मीटिंगला मीही गेले, भाडेकरू म्हणून मागे उभी राहिले. बिल्डरचा माणूस नकाशा दाखवत होता. सगळे मोठ्या किचनबद्दल, पार्किंगबद्दल विचारत होते. आत्याने एकच प्रश्न विचारला.

"नवीन बिल्डिंग होईपर्यंत हे सगळे कुठे?"

"मॅडम, सगळ्यांना भाडं मिळणार. ज्याला जिथे आवडेल तिथे."

"म्हणजे चार ठिकाणी," आत्या म्हणाली.

त्याला वाटलं बाई काहीतरी हिशोब विचारतेय. तो म्हणाला, "चार काय, मॅडम, वीस ठिकाणी!" सगळे हसले. मी हसले नाही. ती आमच्या टेबलाची चार घरं मोजतेय हे त्या हॉलमध्ये मला एकटीला कळलं होतं.

एकेकाने होकार दिला. आत्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी अजून पान बघत्ये." पुढच्या मीटिंगलाही तेच. त्याच्या पुढच्याही. बहुमत होतं, पण बिल्डरला एकही माणूस नाराज नको होता, आणि काम तिच्यापाशी येऊन थांबलं.

पहिल्यांदा टेबलावर चेष्टा झाली. मग चेष्टा संपली. एका रविवारी परबांचं छत पुन्हा सुटलं होतं, त्यांच्या केसांत अजून चुना होता. डाव अर्ध्यावर असताना त्यांनी पान खाली आपटलं.

"तू आमका आयुष्यभर 'उठा उठा' शिकवलंस. आता तुझी पाळी इली, तर खुर्चेक चिकटान बसलंस! माझ्या नातवाच्या डोक्यार पडला म्हणजे उठतलंस?"

आत्याकडे तेव्हा चांगलं पान होतं, हे मला नंतर पत्ते गोळा करताना दिसलं. तिने ते न खेळता ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी परब आले नाहीत. दीपा आली नाही. हसमुखभाई दारात येऊन "आपण आज उठला, आत्याबेन" म्हणाले आणि चप्पल न काढताच गेले. सोमवारी जिन्यात परबकाका समोर आले. आत्या म्हणाली, "काय रे?" टेबलाबाहेर ती कधी असं म्हणत नसे. परबकाकांनी चष्मा काढला, पुसला. "तुम्ही ठरवा काय ते," ते म्हणाले आणि बाजूने खाली उतरले.

तुम्ही. शुद्ध भाषेत. मालवणी माणूस शुद्ध बोलायला लागला की समजावं, दार लावून घेतलं. आत्या कठड्याला धरून उभी राहिली. मी तिची पिशवी घेतली.

पण शनिवारी पत्ते धुतले गेले. रविवारी टेबल उघडलं. आम्ही दोघीच.

"दोघांत काय पंगत," आत्या म्हणाली. "दोघांत कसलंही पान चालतं. मजा नाही." मग तिने पत्ते पिसले आणि पाच पानं वाढली. एक स्वतःला, एक मला, तीन रिकाम्या खुर्च्यांपुढे.

"आत्या, अगं, हे काय?"

"थांब. हसमुखची पाळी." तिने त्या पानाला हात लावला नाही. "आपण उठला!" ती हसमुखभाईंच्या आवाजात म्हणाली. ते पान बाजूला. "दीपा बसली, यार." ते पान तिथेच, दोन चिंचोके मधे. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज कानात घेतलेली बाई, तिला सगळ्यांचे आवाज येत होते.

मग परबांच्या पानाशी ती थांबली. वर, आमच्या डोक्यावर, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. परबकाका वर आपल्या घरात बसले असावेत.

"बसला," आत्या म्हणाली.

मला हसू आलं. असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. ती छताकडे कान देऊन परबांचा डाव खेळायची. वर पावलं वाजली की "उठला बघ, कधी नव्हे तो," खुर्ची वाजली की "बसला, गाढव." एकदा बाळ रडलं, दीपा त्याला घेऊन इकडून तिकडे फेऱ्या मारत होती, फेऱ्या बराच वेळ चालल्या. आत्याने पत्ते हातातच धरले. बाळ थांबेपर्यंत दीपाच्या पानाचं तिने काही ठरवलं नाही.

मग एका रविवारी तिने स्वतःचं पान उचललं, बघितलं, आणि मला दाखवलं. खेळात कुणी आपलं पान दाखवत नाही, तिने तर कधीच नाही. राजा आणि दश्शी. एक इस्पिक, एक चौकट.

"समोर परब असता, दीपा असती, हसमुख असता, तर काय केलं असतं मी?"

"उठली असतीस."

"हं. आणि आता कुणी नाही, तर धरून बसल्ये." ती पानाकडे बघत राहिली. "जागा धरल्ये."

वर खुर्ची वाजली. तिने या वेळी परब बसला की उठला ते सांगितलं नाही. मोजे नीट केले, चपला घातल्या आणि दार उघडून जिना चढायला लागली. मी मागोमाग गेले, तिला चढताना दम लागायचा म्हणून. चौथ्या मजल्यावर तिने बेल वाजवली. आतून परबकाकांनी विचारलं, "कोण आसा?"

दार उघडलं. परबकाका बनियनवर होते. त्यांच्यामागे हॉलमध्ये बाळ चटईवर पालथं पडून आमच्याकडे बघत होतं. आत्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. तिने चौकट धरली.

"उठले," ती म्हणाली.

परबकाका दारातून बाजूला झाले आणि स्वतःची खुर्ची, तीच वाजणारी, तिच्यापुढे ओढली.

"उठलंस ना? मगे आता बस. च्या घे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. हसमुखभाईंनी मुलाजवळ मुलुंडला घर बघितलं, परबांनी नालासोपाऱ्याला, मी अंधेरीला एका मैत्रिणीबरोबर. आत्याची बहीण बेळगावला होती. शेवटच्या रविवारी घरात टेबल, पाच खुर्च्या आणि बांधलेली खोकी एवढंच होतं. पत्ते मात्र आदल्या दिवशी धुतलेले होते, साबणाचा वास येत होता. सगळे आले. दीपा बाळालाही घेऊन आली. परबकाकांनी येताना वाटीभर खतखतं, आमच्याकडची मिश्र भाजी, आणलं होतं. ते खोक्यावर ठेवलं.

पहिल्या दोन-तीन डावांत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. आत्या बसत होती. चौघं बसली तरी बसत होती, कुणी वाढलं तरी बसत होती. तिच्यापुढचे चिंचोके कमी होत होते आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. हसमुखभाईंनी आधी चष्म्यावरून बघितलं, मग म्हणाले, "आत्याबेन, तुला आज काय झाला? सगळ्याला बसते?"

"तू तुझं पान बघ."

"आयला, आत्या पण परब झाली!" दीपा म्हणाली.

परबकाका जिंकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे ढीग होता आणि ते एकदाही ओरडले नाहीत. उन्हं खाली आली. खिडकीतून चिंचेची सावली टेबलावर आली. साडेपाच कधीच होऊन गेले होते, आणि आत्याच्या अंगातल्या घड्याळाने 'वेळ झाली' म्हटलं नव्हतं.

शेवटचा डाव माझ्या वाटण्याचा होता. मी पाच पानं वाढली. दीपा बसली. हसमुखभाई बसले, एरवी असल्या गर्दीत ते कधी बसत नाहीत. परबकाका बसले. मी बसले, माझ्याकडे काय होतं ते आता आठवत नाही. आत्या शेवटची. तिच्यापुढे चार-सहा चिंचोके उरले होते. तिने ते सगळे तळहातावर घेतले आणि मधे ठेवले. पान जसं वाढलं होतं तसंच पालथं पडलं होतं, तिने बोटही लावलं नव्हतं.

"बसले."

"अगो, पान तरी बघ!" परबकाका म्हणाले.

"माणसं बघितली," आत्या म्हणाली.

बाळाच्या हातात एक चिंचोका होता, तो दीपाने हळूच काढून घेतला. मी गड्डी उचलली, मीठ-लिंबू-चटणी वाढायला. हात लवकर चालेना. आत्याने माझ्या मनगटावर आपला हात ठेवला.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली.